होमस्टे-हॉटेलात राबणाऱ्या माणसांना सरकारी प्रशिक्षण पावसाळ्यात आणि गावात का मिळू नये?

सुरूबन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. सासूबाईंनी दोन खोल्यांवर सुरू केलं होतं, आता मी आणि नवरा बघतो. स्वयंपाकाला गावातल्याच दोघी काकी आहेत. खोल्या आवरायला एक मुलगी येते आणि हंगामात वाढायला पुतण्या.

एप्रिलमध्ये नाशिककडचं एक कुटुंब आलं होतं. मुलीला कोलंबी चालत नाही, हे तिच्या आईने आल्या आल्या सांगितलं होतं. काकींनी तिला मुद्दाम सुरमई वाढली. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या आणि ती खोकायला लागली. गाडी काढून मालवणात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन तासांनी ती उठून बसली. तोवर मी देवाला काय काय बोलले ते माझं मला ठाऊक.

सुरमई त्याच तव्यावर, त्याच तेलात तळली होती, ज्यात आधीच्या पंगतीची कोलंबी तळली होती.

काकी रडत होत्या. "वयनी, माज्याच हातान झाला." बावीस वर्षं त्या लोकांना जेवू घालतायत. त्यांच्या हातची तिसऱ्यांची एकशिपी खायला लोक पुण्याहून येतात. पण एका तव्यावर दोन जिन्नस केले की एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं, हे त्यांना कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मलाही कुठे ठाऊक होतं? चूक काकींची नाही, आमची आहे. घर आम्ही चालवतो.

त्या दिवसापासून आमच्या माणसांना रीतसर शिकवणारं कोणी आहे का, हे शोधतेय. योजनांची नावं ढीगभर सापडली. जवळच्या एका गावात सरकारी योजनेतलं केंद्र आहे म्हणून तिथे जाऊन आले. फळा होता, खुर्च्या होत्या, भिंतीवर पंचतारांकित हॉटेलचा फोटो होता, पण गॅसची शेगडी नव्हती. वर्ग रोज नऊ ते पाच, जानेवारी ते एप्रिल. ऐन हंगामात चार महिने काम सोडून कोण बसणार?

आमच्याकडे मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत पाण्यातले खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पोरं घरी बसलेली, काकी घरी बसलेल्या, खोल्या रिकाम्या. शिकवायचं तर तेव्हा शिकवा ना!

कुणाला अनुभव असेल तर सांगा. काय मिळतं, कुठे मिळतं, आणि खरंच उपयोग होतो का?

---

निवृत्त निदेशक

ताई, मुलगी बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला.

मी आयटीआयमध्ये निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, म्हणून आधी वाटा मोकळ्या करून सांगतो. सगळ्या योजना एका पिशवीत टाकल्या की माणूस गोंधळतो.

नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी आयटीआयचा फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या केंद्रीय संस्थांमध्ये दहावीनंतरचा दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स आहे. ग्रामीण भागातल्या गरीब घरच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे, राहण्या-जेवणासकट. २०१५ ला प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. तुम्ही पाहिलेलं केंद्र कुठल्या योजनेतलं ते मला कळायचा मार्ग नाही, पण शेगडीशिवाय स्वयंपाक शिकवणं मला पटत नाही. आमच्याकडे कच्चा माल वेळेवर आला नाही तर मी स्वतः बाजारातून कांदे आणून पोरांना बसवायचो. हाताला सवय लागल्याशिवाय हा धंदा येत नाही.

तुमच्या काकींची गोष्ट वेगळी. त्यांना काम येतं. त्यांच्यासाठी वाट आहे ती आरपीएलची, म्हणजे आधीपासून अंगात असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची. कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात यात किमान बारा तासांचा उजळणी वर्ग होता: सहा तास कामाचा विषय, चार तास बोलणं-वागणं, दोन तास परीक्षेची ओळख. मग चाचणी आणि प्रमाणपत्र. उत्तीर्ण झालेल्याला पाचशे रुपये मिळायचे.

---

घाटवाट

हा आरपीएल मी करून बसलोय, म्हणून लिहितो.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात एका हॉटेलात अकरा वर्षं वेटर आहे. एक दिवस मॅनेजरने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. दोन दिवस वर्ग, तिसऱ्या दिवशी परीक्षा. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, पाणी कुठल्या बाजूने ओतायचं. हे आम्हाला झोपेतही येतं. प्रमाणपत्र मिळालं. मालकाने सगळ्यांची प्रमाणपत्रं चौकटीत घालून रिसेप्शनमागे लावली.

पगार जिथे होता तिथेच राहिला. मालकाला विचारलं, तर म्हणाला, काम तर तेच करतोस ना?

राग प्रमाणपत्राचा नाही. जे येत होतं तेच विचारलं आणि जे येत नव्हतं ते शिकवलंच नाही, याचा आहे. मला इंग्रजीत वाद घालणाऱ्या पाहुण्याशी बोलता येत नाही. कुणाच्या घशात घास अडकला तर काय करायचं ते येत नाही. बिलाचं मशीन आजही भावाच्या मुलाला विचारून चालवतो. यातलं एक जरी शिकवलं असतं तरी मी त्या गुरुजींच्या पाया पडलो असतो.

---

सुरूबन

दादा, तुमचं वाक्य न् वाक्य पटलं. चाचणी आमच्या काकीही पहिल्या नंबराने पास होतील. त्यांना तव्याचं शिकवणारा हवाय.

---

दादर केटरिंग

सुरूबनताई, तव्याचं मी सांगतो. योजना मागाहून बघू.

दादरला वीर सावरकर मार्गावरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिकलो. १९५४ साली लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने सुरू झालेली, देशातली या क्षेत्रातली पहिली संस्था. जुने लोक अजून तिला 'दादर केटरिंग'च म्हणतात. पंचवीस वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काढली.

कोलंबी, कुर्ल्या, शेवंड हे कवचाचे प्राणी. तिसऱ्या, कालवं ही शिंपल्यांची जात. एका कवचाच्या प्राण्याची ॲलर्जी असलेल्याला दुसरा कवचाचा प्राणी बहुतेकदा चालत नाही, आणि काहींना शिंपल्याही बाधतात. मासा वेगळा. सुरमई बाधत नाही पण कोलंबी बाधते अशी माणसं भरपूर असतात, म्हणून तर त्या आईने तुम्हाला तेवढंच सांगितलं. आणि तळल्याने त्रास जात नाही. कोलंबीतला जो अंश बाधतो तो उकळत्या तेलातही टिकतो आणि तेलात उतरतो. त्याच तेलात पुढचा जिन्नस पडला की त्याला लागतोच.

काकींना सांगायचं ते असं. कोलंबीचा तवा वेगळा ठेवा, त्याच्या कडीला लाल दोरा बांधा. उलथनं वेगळं, फळी वेगळी, रव्याचं ताटही वेगळं, कारण आपल्याकडे एकाच रव्यात सगळं घोळवतात. पाहुण्याने ॲलर्जी सांगितली की त्याचं पान सगळ्यात आधी करायचं, धुतलेल्या तव्यावर, नव्या तेलात, साबणाने हात धुऊन. मसाल्याच्या डब्यात सुकटीचा चमचा गेलेला नसावा, हे विसरू नका. कोकणात जवळा, म्हणजे बारीक कोलंबीच, सगळीकडे असतो. आणि "थोडंसंच आहे, काय होत नाही" हे वाक्य स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार करायचं.

एवढं शिकवायला एक सकाळ पुरते. मला हळहळ याचीच वाटते.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' सुरू केलं तेव्हा आमच्या हॉटेलातही तुकड्या आल्या होत्या. आठवी पास पोरं, वाढपाचा कोर्स सहा आठवड्यांचा, स्वयंपाकाचा आठ. फी नाही, गणवेश आणि दुपारचं जेवण मिळायचं. मी दोन तुकड्या शिकवल्या. पहिल्या दिवशी सुरी कशी धरायची तेच. आंगठा आणि तर्जनी पात्याच्या मुळाशी चिमटीत, डाव्या हाताची बोटं आत दुमडलेली, पातं पेरांना टेकून वरखाली. तीन दिवस नुसते कांदे. चौथ्या दिवशी एका पोराने मला हाक मारली, "सर, बघा." पाच किलो कांदा, सगळा एका जाडीचा, आणि बोटाला ओरखडा नाही. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. तो आता कुवेतला आहे, गणपतीत फोन करतो.

म्हणजे सरकारी प्रशिक्षण चालतं. खऱ्या स्वयंपाकघरात, खऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली झालं की चालतं.

---

मेळघाटची

मी ग्रामीण कौशल्य योजनेतून शिकलेली आहे. आमच्या गावातून आम्ही सहा मुली नागपूरला गेलो होतो, तीन महिने. हाऊसकीपिंग.

शिकवलं चांगलं, हे आधी लिहिते. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते मॅडमनी इतक्या वेळा करून घेतलं की आता डोळे बांधले तरी येईल. पायथ्याकडे चादर गादीखाली खोचायची. मग बाजूची कड एका हाताने उचलून गादीवर त्रिकोण टाकायचा, खाली लोंबणारा भाग आत सारायचा आणि त्रिकोण खाली ओढून तोही खोचायचा. कोपरा लिफाफ्यासारखा बसतो. संडासाचं फडकं, बेसिनचं फडकं आणि पेल्याचं फडकं वेगळ्या रंगाचं. हे मी घरी आईलाही शिकवलं.

नोकरी पुण्यात लागली. दिवसाला चौदा खोल्या. हातात साडेअकरा हजार. चौघींत एक खोली, भाडं डोईला साडेतीन हजार, बसचे पैसे वेगळे, जेवण एकच वेळचं हॉटेलात. घरी पाठवायला काही उरायचं नाही. सहापैकी चौघी पाच महिन्यांच्या आत परत आल्या. मी सात महिने काढले. कागदावर आमची सगळ्यांची नोकरी लागली असंच असेल.

आता मी चिखलदऱ्याला एका रिसॉर्टमध्ये आहे. पगार नऊ हजार, पण राहणं-जेवण तिथेच आणि घर दीड तासावर. सणाला घरी जाता येतं. मला विचाराल तर शिकवणं कमी पडत नाही. शिकवून जिथे नेऊन सोडतात ती जागा चुकते. चिखलदऱ्याला माणसं मिळत नाहीत म्हणून मालक ओरडतात आणि मेळघाटच्या मुलींना पुण्याला पाठवतात.

---

निवृत्त निदेशक

बाळ, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. हे मंत्रालयात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

---

लेणीवाट

स्वयंपाक आणि खोल्यांबरोबर आम्हा गाईड लोकांचंही जरा ऐका.

माझं काम अजिंठा-वेरूळला. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ, त्यामुळे आठवडा त्याप्रमाणे लावावा लागतो. राज्याच्या पर्यटन संचालनालयाने ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या पर्यटन शिकवणाऱ्या केंद्रीय संस्थेमार्फत स्थानिक मुलांसाठी गाईडचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्यात मी होतो. इतिहास, बोलण्याची पद्धत, प्रथमोपचार सगळं होतं. सगळ्यात उपयोगी पडलं ते एक वाक्य. सर म्हणाले, माहिती सांगण्याआधी पाहुण्याला एक मिनिट गप्प उभं राहू द्या. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर मी आता तेच करतो. अंधाराला डोळे सरावतात, मग रंग आपोआप वर येतात, आणि लोक स्वतःहून विचारायला लागतात.

गाईडकीत ओळखपत्राला खरी किंमत आहे. ते गळ्यात असलं की पोलीस, सुरक्षारक्षक, पाहुणा सगळे नीट बोलतात. वेटरदादांच्या प्रमाणपत्राला ती किंमत नाही, कारण ते नसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

---

दर्यावर्दी

लेणीवाट यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. मी रत्नागिरीचा, सध्या एका क्रूझ जहाजावर असिस्टंट वेटर. जहाजावर एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे जहाजावरच्या माणसांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतलं, सुरक्षा प्रशिक्षण केलेलं नसेल तर पाऊल ठेवू देत नाहीत, मग तो कप्तान असो की भांडी घासणारा. आग विझवणं, जीवरक्षक जॅकेट घालून पाण्यात राहणं, प्रथमोपचार. तिथे वर्ग चुकवायचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

स्वयंपाकघरात ॲलर्जीचं पान आलं की त्याची वेगळी चिठ्ठी निघते आणि ते पान आचारी स्वतः हातात देतो. मी वाटेत कुणाकडे सोपवू शकत नाही. सुरूबनताई, तुम्ही चार खोल्यांपुरतं हे आजपासून करू शकता. पाहुणा आला की वहीत पहिला प्रश्न हाच लिहा, आणि ती वही चुलीजवळ टांगा, ऑफिसात नको.

---

पणजेकार

गोव्यातून. पाण्यावरच्या पोरांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. करंजाळेला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, ग्वाल्हेरच्या त्याच आयआयटीटीएमच्या अखत्यारीतली. जीवरक्षक, मोटरबोट चालवणं, असे कोर्स असतात. सिंधुदुर्गातनं तिथे येणं काही लांब नाही. तुमच्या तारकर्लीतही एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, ती दारातच.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले, तेव्हा आम्ही इकडे सुन्न झालो होतो. पाण्यातल्या पोराला पोहता येतं म्हणजे वीस घाबरलेल्या माणसांना आवरता येतं असं नव्हे. ते शिकवावंच लागतं.

---

घाटवाट

सगळं खरं. पण पगाराचं कुणी बोलतच नाही. शिकून मालकाचं भलं, पाहुण्याचं भलं, आमचं काय? दुकानात हमाली करणाऱ्या माझ्या मित्राला माझ्यापेक्षा जास्त मिळतात.

---

सुरूबन

दादा, मी मालकाच्या बाजूची आहे, म्हणून मलाच उत्तर दिलं पाहिजे.

रात्री नवरा आणि मी हिशेब घेऊन बसलो. खोलीचं भाडं गेल्या तीन वर्षांत दोनदा वाढवलं, काकींचा रोज एकदाच. लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे ते हेच. ठरवलंय की काकी आणि आवरणारी मुलगी शिकून आल्या की रोज शंभर रुपये जास्त. शिकायला जातील त्या दिवसांचाही रोज द्यायचा, कारण पावसात त्यांच्या हाताला दुसरं काम नसतं. निदेशक सर, पर्यटन मंत्रालयाची जुनी योजना होती ना, ज्यात आधीपासून काम करणाऱ्यांना शिकवताना बुडालेल्या रोजाची भरपाई मिळायची?

---

निवृत्त निदेशक

होती. सेवा देणाऱ्यांची क्षमता वाढवायच्या त्यांच्या योजनेत पाच-सहा दिवसांचा वर्ग, चाचणी आणि दिवसाचे तीनशे रुपये अशी सोय होती. ढाबेवाले, छोट्या हॉटेलातले वाढपी यांच्यासाठी तीच खरी रचना. रोजावरच्या माणसाचा दिवस बुडतो हे ज्याने कुणी त्यात लिहिलं, त्याला धंदा कळत होता.

आता तुमच्यासाठी काय करता येईल ते सांगतो. आरसेटी हे नाव ऐकलंय का? अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात एक असते. शिकवणं, राहणं, जेवण फुकट. कोर्स आठवड्यापासून सहा आठवड्यांपर्यंतचे, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा करतात, कर्जप्रकरणालाही मदत करतात. त्यांना लागते तीस-पस्तीस जणांची तुकडी. एकट्या माणसाने विचारलं तर "बघू" म्हणतील. यादी घेऊन गेलात तर तारीख मागता येते. उमेदचे बचतगट तुमच्या गावात असणारच. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, ठरावासकट यादी द्या आणि अर्जात स्पष्ट लिहा: जुलै महिना, गावातली जागा, शेगडीसकट स्वयंपाकघर.

पर्यटन संचालनालयाच्या 'आई' धोरणाचीही चौकशी करा, २०२३ चं आहे. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. शिकलेल्या काकी उद्या स्वतःचं काही काढतील तर कामाला येईल.

---

दादर केटरिंग

जुलैत तारीख मिळाली तर दोन दिवस मी येतो. माझं आजोळ कुडाळचं, राहायची सोय आहे. मानधन नको. संध्याकाळी एकशिपी मिळाली तर नाही म्हणणार नाही. माझी खटपट एवढीच, की वर्ग तुमच्याच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात व्हावा. हॉलमध्ये नको.

घाटवाट, घास अडकला तर काय करायचं ते जहाजावरच्या मित्राकडून शिका, व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात होईल.

---

दर्यावर्दी

नक्की. रविवारी मी मुंबईच्या बंदरात आहे, नेटवर्क असेल. दादा, बरोबर एक उशी आणि एक माणूस घेऊन बसा.

---

घाटवाट

रविवारी दुपारी तीनला बसतो. आमच्याकडचे आणखी चार जण येतील.

---

मेळघाटची

सुरूबनताई, तुमच्या आवरणाऱ्या मुलीला माझा कोपऱ्याचा व्हिडिओ पाठवू का? मॅडमनी शिकवला तसाच हळूहळू करून दाखवते.

---

सुरूबन

पाठव गं, वाट बघतेय. ती तुझ्याच वयाची आहे.

आजची खबर. काल संध्याकाळी आमच्या अंगणात बैठक झाली. मला वाटलं होतं सात-आठ जणी येतील. एकोणतीस नावं झाली, त्यातली अकरा देवबागची. दोन होडीवाले पोरगे आहेत, एक शहाळी विकणारा आहे, आणि काकींनी स्वतःचं नाव सगळ्यात आधी सांगितलं. ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी ठराव लिहून दिला. शाळेचं पोषण आहाराचं स्वयंपाकघर शाळा सुटल्यावर आणि रविवारी मिळेल का, ते मुख्याध्यापक शाळा समितीला विचारून सांगतो म्हणालेत. नाहीच मिळालं तर आमचं आहे, खोल्या रिकाम्याच आहेत.

लाल दोऱ्याचा तवा कालपासून वेगळा टांगलाय. काकींनी दोरा स्वतः बांधला आणि शेजारच्या दोन घरी जाऊन त्यांच्या तव्यांनाही बांधून आल्या.

सोमवारी अर्ज घेऊन निघतोय. निदेशक सर, मसुदा तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, एकदा नजर फिरवा. दादर केटरिंग, सामानाची यादी पाठवा: तवे किती, फळ्या किती, सुऱ्या कुठल्या मापाच्या. तीसला एकच नाव कमी आहे. मालवण-वेंगुर्ल्यातलं कुणी वाचत असेल तर रविवार रात्रीपर्यंत इथेच कळवा.